दोन बोदलकसावाल्या

आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर उद्याच चार जण दारात येऊन उभे राहतील, "आमाले काऊन बदनाम करून राहिली?" म्हणून. गोरेगावच्या रस्त्याले लागून आहे, एवढं समजा. आधी ग्रामपंचायत होती, मंग नगरपंचायत झाली. त्यानं काय झालं? घरटॅक्स वाढला आणि पंचाच्या जागी नगरसेवक आले. नाली तिथंच, डुकरंही तिथंच.

मी आठवडी बाजारात भाजी विकते. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, लाखोळीची भाजी, वाडीत जे निघंल ते. आमी बाया सकाळी येऊन बसतो ते दिवे लागेपर्यंत. आणि दिवसभर पाणी पीत नाही. काऊन पीत नाही हे माणसाले सांगावं लागते, बाईले सांगावं लागत नाही. बाजारात बायांसाठी संडास नाही, मुतारी नाही, काहीच नाही. माणसं भिंतीकडं तोंड केलं की मोकळे. आमी कुठं जायचं? बाजाराच्या मागं बेशरमाची झुडपं होती. तिकडं दोघीदोघी जात होतो, एक बसायची, दुसरी राखण करायची.

तेही केशोरावनं बंद केलं. केशोराव म्हणजे आमच्या वार्डाचे नगरसेवक, राइस मिलचे मालक. त्यायनं झुडपं तोडली, तारेचं कुंपण ठोकलं आणि आपल्या लॉनवर लग्नाले येणाऱ्या गाड्या तिथं उभ्या करू लागले. जागा सरकारी, कुलूप केशोरावचं. वरून बाजाराच्या तोंडावर स्वागत कमान उभी केली आणि तिच्यावर आपला फोटो लावला. कोणाचं स्वागत, बाप्पा? ढोरांचं?

त्या उन्हाळ्यात जमुनामावशी बाजारातच पडली. जमुनामावशी माझ्या बाजूले बसते, मिरच्या विकते, जीभही तशीच. डॉक्टर म्हणाले, लघवी अडवून अडवून किडनीले सूज आली. तिले बरं वाटल्यावर आमी साऱ्याजणी केशोरावच्या घरी गेलो. नात्यानं ते माझे मामाजी लागतात, म्हणजे सासऱ्याच्या जागी. आमच्याकडं सून मामाजीसमोर पदर पुढं ओढून दाराआडून बोलते. नाहीच बोलली तर लोक म्हणतात, किती चांगली सून आहे. मी दाराआडूनच बोलली, "मामाजी, बाजारात बायांसाठी संडास पायजे."

ते हसले. "सकाळी घरून करून येत जा ना वो," म्हणाले.

ओसरीवर बसलेली माणसं खो खो हसली. जमुनामावशी मान खाली घालून उभी होती, जशी काही तिनंच कोणाची चोरी केली. मले असा राग आला, असा राग आला, की घरी येईपर्यंत रस्त्यानं मी एकटीच बडबडत आली. माणूस बाईच्या दुखण्यावर हसू कसा शकते? आणि तोच माणूस कमानीवर हात जोडून उभा!

दिवाळीनंतर निवडणूक लागली आणि आमचा वार्ड लेडीज निघाला, म्हणजे बायांसाठी राखीव. केशोरावले काही फिकीर पडली नाही. त्यायनं बायकोले उभं केलं. सुशीलाबाई तिचं नाव. बॅनर लागले. बॅनरवर मधात केशोराव, ढोपरापर्यंत. कोपऱ्यात सुशीलाबाई, तिकिटाएवढी, डोळे खाली. घरात एक बाई आहे म्हणून सीट घरातच राहिली, एवढाच त्यायले तिचा उपयोग.

मी हेमराजले म्हटलं, मी उभी राहते. हेमराज म्हणजे माझा नवरा. नाव घेतलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. ते ट्रॅक्टर चालवतात, लोकांचं धान मिलमध्ये नेऊन देतात. ते म्हणाले, "मिलचं भाडं बंद होईन."

"होऊ द्या."

"मंग कोनाचं धान नेऊ मी?"

"दुसरी मिल नाही का जगात?"

त्यायनं ट्रॅक्टरची चाबी खुंटीले टांगली, मंग म्हणाले, "बरं." माझा नवरा जास्त बोलत नाही, पण एकदा बरं म्हटलं की मंग माघार नाही.

फॉर्म भरला. मले निशाणी भेटली छत्री. बाजारातल्या बाया तर हुरळूनच गेल्या. जिथं जावं तिथं एकच, "आपलं मत बोदलकसावालीले!" मले वाटलं, जिंकली मी. सांगून ठेवते, मी तेव्हाच बावळट ठरली.

आता हे बोदलकसावाली काय, ते सांगते. माझं माहेर बोदलकसा, तिरोड्याकडं, तलावाचं गाव. माहेरी माझं नाव सोनू. लग्नात सासूनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं, रेणू. सोनू माहेरी राहिली, रेणू आधार कार्डावर गेली, आणि गावानं दोन्ही टाकून देऊन मले बोदलकसावाली केलं. इथं साऱ्याच बायांचं तसं आहे. जमुनामावशी फुलचूरची, म्हणून फुलचूरवाली. जी ज्या गावची, ती त्या गावची वाली. बाईले नाव असते हे फक्त रेशन दुकानदाराले माहीत.

आणि गावात ते नाव चालत नाही, हे केशोरावले माहीत. दुसरीकडं म्हणे एका नावाचे दोन उमेदवार उभे करतात, लोकायले घोळात टाकतात. यायनं नावाले हातच लावला नाही. यायनं गावात दुसरी बोदलकसावाली शोधली.

ती म्हणजे चंचल. दोन वर्षांआधी बोदलकशावरूनच लग्न होऊन आली. तिचा नवरा रूपेश केशोरावच्या मिलचा ट्रक चालवते. गावात लोक मले मोठी बोदलकसावाली म्हणत, तिले लहान. एवढाच फरक.

एका सकाळी मी भाजीच्या जुड्या बांधून राहिली होती, तर गल्लीत भोंग्याचा ऑटो आला. "आपली बोदलकसावाली! आपल्या सर्वांची बोदलकसावाली!" मले वाटलं, आमच्या यायनंच माझ्यासाठी ऑटो लावला. मी तर लाजली पण. म्हटलं, माणूस बोलत नाही, पण मन मोठं आहे. आणि मंग पुढचं ऐकू आलं. "बोदलकसावालीची निशाणी शिट्टी! शिट्टीसमोरचं बटन दाबा!" मागून गल्लीतले सारे पोट्टे प्लास्टिकच्या शिट्ट्या वाजवत. फुकट वाटल्या होत्या.

जुडी तिथंच फेकली आणि चंचलच्या घरी गेली. ती आंगणात उभी, डोळे सुजलेले.

"ताई, मले काई माहीत नाही," म्हणाली. "आमच्या यायनं म्हटलं सही कर, केली. फोटो काढला. काल बॅनर पायलं तवा समजलं."

"मंग परत घे ना."

"परत घ्याची तारीख गेली म्हनते."

बाजेवर रूपेश मोबाईल पाहत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "भाभी, इसमें गुस्सा होने की क्या बात है? लोकतंत्र है. कोई भी खड़ा हो सकता है."

"लोकतंत्र? तुह्या बायकोले तरी विचारलं होतं का बे?"

त्यानं परत मोबाईलमध्ये तोंड घातलं. विचारायची गोष्ट असते हेच त्याले माहीत नव्हतं.

मी तशीच निवडणुकीच्या साहेबाकडं गेली. साहेब बाहेरचे, बोलणं गोड. त्यायनं मले खुर्ची दिली, सारं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण बाई, त्यांचं नाव चंचल, तुमचं नाव रेणू. आडनावंही वेगळी. यात साम्य कुठं आहे?"

"साहेब, मले कोनी रेणू म्हनतच नाही."

"मग काय म्हणतात?"

"बोदलकसावाली."

"आणि त्यांना?"

"बोदलकसावाली."

साहेबांनी डोकं खाजवलं. म्हणाले, मशीनवर माहेरच्या गावाचं नाव नसतं, नियमात तक्रार बसत नाही. खरं बोलून राहिले होते बिचारे, हेच तर जास्त झोंबलं. आमची नावं आमीच घालवली होती आणि केशोरावनं ती रिकामी जागा पाहून घेतली. झुडपांची जागा पाहिली होती तशी.

मंग मी घरोघर फिरली. पहिल्या घरी गेली, हात जोडले, म्हटलं, "माह्यं नाव रेणू. निशाणी छत्री."

आतून म्हातारी म्हणाली, "कोन रेणू? आमी तं बोदलकसावालीले देनार हाओ."

"आजी, मीच ना बोदलकसावाली!"

"मंग तू शिट्टीवर हाय ना वो. छत्री कोनाची?"

असं वाटलं, तिथंच ओसरीवर कपाळ आपटून घ्यावं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मी बोलून बोलून घसा बसवावा, आणि माझी पाठ फिरली की ऑटो यावा, बोदलकसावाली, शिट्टी! मी एकटी, भोंग्याले थोडीच दम लागते.

संध्याकाळी बोअरिंगवर पाण्याले गेली तर बाया जमल्या होत्या. मी हंडा खाली ठेवला आणि चिडूनच म्हटलं, "आजपासून मले कोनी बोदलकसावाली म्हनलं तं मी ओ देनार नाही. माह्यं नाव रेणू हाय. म्हना, रेणू!"

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. जमुनामावशीनं पहिल्यांदा म्हटलं, "रेणू." तोंडात नवीन दात बसवल्यावानी म्हटलं. मंग स्वतःच म्हणाली, "आन माह्यं जमुना. बुढ्यानं आजवर एकदा नाव घेतलं नाही, 'ऐकते का' म्हनते. मी ऐकतो का नाही, तेई पायत नाही."

साऱ्या हसल्या. एकजण म्हणाली माझं दुर्गेश्वरी. तिच्या बाजूच्या घरची जाऊबाई म्हणते, "अगा माय! एवढं मोठं नाव, आन मी तुले येवढे वर्स मुर्रीवाली म्हनून हाक मारून राहिली?" एकीचं नाव चौघींले माहीत नव्हतं. भांडणं केली, लग्नं केली, एकमेकींची बाळंतपणं केली, आणि नाव माहीत नाही! हसता हसता माझ्या डोळ्याले पाणी आलं. हसायची गोष्ट नव्हती ते.

त्या दिवसापासून माझी थोडी हवा झाली. बाया स्वतःच फिरू लागल्या, रेणू, छत्री, रेणू, छत्री. केशोरावनं मंग एकाच्या जागी दोन ऑटो लावले.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या बाहेर चुन्याची रेघ मारली होती. आत उमेदवारानं काही बोलायचं नाही. मी रेघेच्या बाहेर लिंबाखाली उभी. जमुनामावशी रांगेत होती, नवं लुगडं नेसून, लग्नाले चालल्यासारखी. आत गेली, बाहेर आली, बोटाची शाई दाखवत थेट माझ्याकडं आली. तोंड नुसतं फुललेलं.

"देल्लं बाप्पा तुलेच!" म्हणाली. "डोळ्यानं बरोबर दिसत नव्हतं, पन शिट्टी म्या बरोबर ओळखली. दाबली जोरानं, पीं वाजलं."

जी बाजारात पडली, जिच्यासाठी मी नवऱ्याचं भाडं बंद करून घेतलं, जिनं बोअरिंगवर सगळ्यात आधी माझं नाव घेतलं, तिच्याच हातानं शिट्टी दाबली गेली. दिवसरात्र तोच भोंगा, तिच्या कानात शिट्टीच बसली होती. राग मावशीचा नाही आला. राग आला त्या माणसाचा, ज्यानं तिच्या आंधळेपणाचाही हिशोब धरला. मशीनले काय, ते साऱ्यायसाठी सारखंच वाजते.

"बरं केलं मावशी," मी म्हटलं. "घरी जाय, ऊन हाय. आन पानी पे."

ती गेली. मी लिंबाच्या मागं जाऊन रडली. मंग तोंड पुसलं आणि परत येऊन उभी राहिली. केशोरावचे लोक पाहून राहिले होते, त्यायले कशाले दाखवू?

निकालाच्या दिवशी बाजाराले लागून असलेल्या तहसीलच्या बाहेर गर्दी. आतून निकाल आला. सुशीलाबाई जिंकली, मी एकोणीस मतांनी हारली. चंचलले त्याच्या तिप्पट मतं पडली होती. ही मतं कोणाची, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाले माहीत होतं. हेमराज माझ्या बाजूले उभे होते, त्यायनं फक्त माझा हात धरला.

तेवढ्यात चंचल आली. नवरा फटाक्यांच्या मागं गेला होता तेवढं पाहून आली. "ताई, देवाशपथ," म्हणाली, "मी छत्रीच दाबली. मी बी तुलेच देल्लं." उमेदवारानं स्वतःले मत दिलं नाही, आणि बाकीच्यायनं तिले दिलं ते मले दिलं समजून! ह्याले निवडणूक म्हणायचं का? जमुनामावशी मागं उभी होती. तिनं हे ऐकलं, बोटाच्या शाईकडं पाहिलं आणि मटकन खाली बसली. "शिट्टी तुही नव्हती का वो? रेणू, माय, म्या काय केलं?" मी तिले उठवत होती, पण तिच्यानं उठवंना.

आणि नेमकी तेव्हाच तिकडून मिरवणूक निघाली. समोर डीजे, गुलाल, मागं उघडी जीप. जीपमध्ये केशोराव उभे, गळ्यात हारावर हार, नाक तेवढं दिसत होतं. पोट्टे ओरडत होते, "केशोराव भाऊ आगे बढो!" आणि जिंकलेली बाई? मागच्या सीटवर, पदर नाकापर्यंत, मांडीवर नवऱ्याच्या चपलेची पिशवी सांभाळत. तिच्या गळ्यात एक हार नाही.

माझ्या डोक्यात सणक गेली. मावशीले चंचलकडं सोपवलं आणि बाजाराच्या कमानीखाली रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. माझ्या मागं बाजारातल्या साऱ्या बाया आल्या. जीप थांबली. डीजेवाल्यानं काय झालं म्हणून आवाज बंद केला.

केशोराव वरून म्हणाले, "कोन वो, बोदलकसावाली का? कोनती? लहान का मोठी?"

लोक हसले. मी डोक्यावरचा पदर मागं टाकला. या गावात सून म्हणून आली तेव्हापासून मामाजीसमोर पहिल्यांदा. आणि त्यायच्याकडं न पाहता मागच्या सीटकडं पाहून विचारलं, "सुशीलाबाई, बाजारात बायांसाठी संडास कवा होते?"

"होईन, होईन," केशोरावच बोलले. "अर्ज देऊन ठेव. पायतो मी."

"मामाजी, मी तुमाले नाही विचारलं. तुमचं नाव मशीनवर नव्हतं."

कोणीतरी फिसकन हसलं. केशोरावचं तोंड गुलालाच्याही वर लाल झालं. "मामाजीले उलटून बोलते? लाज हाय का नाही तुले?"

"लाज होती म्हनूनच दिवसभर पानी नाही पेलो आमी!" मी ओरडली. आवाज फाटला माझा, फाटू दे. "लाज होती म्हनून ही जमुनामावशी मराले टेकली! लाज तुमी काढली आमची, तारेचं कुंपन घालून. आता मले शिकवता?"

केशोराव डीजेवाल्यावर खेकसले, "बंद काऊन केलं? लाव! ड्रायव्हर, घे गाडी बाजूनं!" डीजे परत सुरू झाला, असा की छातीत धडधडावं. पोट्टे नाचू लागले. केशोराव समोर तोंड करून हात हलवू लागले.

मागच्या सीटवर सुशीलाबाईनं पदर वर केला. मी तिचं तोंड पहिल्यांदाच एवढं सरळ पाहिलं. ती काहीतरी बोलली, डीजेत ऐकू आलं नाही. मंग तिनं मांडीवरची पिशवी सीटवर ठेवली, जीपचा दांडा धरला आणि गाडी कमानीच्या बाजूनं हळूहळू वळत असताना खाली उतरली. साडी चाकात जाता जाता राहिली, दुर्गेश्वरीनं तिले सावरलं.

"मले विचारलं ना तू?" माझ्या कानाशी तोंड आणून ती म्हणाली. "मंग मीच सांगतो. माही माय बी बाजारात बसे. जागा कोनती, चाल, दाखव."

आमी तिले घेऊन कुंपणाकडं निघालो. जमुनामावशीही डोळे पुसत मागून आली. मिरवणूक फटाके फोडत, केशोराव भाऊ आगे बढो करत, पार बसस्टँडापर्यंत गेली. निवडून आलेली बाई मधातच उतरली, हे त्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.